उलटा वारा

१

धारच्या नाट्यगृहात त्या संध्याकाळी तोफ दोनदा वाजली, असं प्रेक्षकांना वाटलं. पहिली नाटकातली होती. दुसरीने नीरजा खराडेचे दोन्ही कान नेले.

वेढा पडलेल्या गडाचं नाटक होतं. देवासच्या मराठी मंडळींनी बसवलेलं, आणि धारच्या महोत्सवात त्याचा पहिला प्रयोग. तिसऱ्या अंकात किल्लेदारीण बुरजावर उभी राहून शेवटचं वाक्य बोलते आणि आत निघून जाते. मग रंगमंच रिकामा. धूर पसरत राहतो, नुसता वारा वाहत राहतो, आणि त्या वाऱ्यातून अचानक शत्रूची तोफ. नीरजा डाव्या विंगेत स्टुलावर बसली होती. हा वारा तिनेच घडवला होता आणि तो कसा लागतोय हे ऐकायला ती दर तालमीत तिथेच बसायची. तोफ धडाडली, तिचा गडगडाट घुमत असतानाच नीरजाच्या स्टुलाखाली ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात सुतळी बॉम्ब फुटला.

ती तोंडावर पडली. मान वर केली तेव्हा पहिल्या रांगेतले हात तिला दिसले. लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्यांना आवाज नव्हता.

इंदूरच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की डाव्या कानात काहीच उरलेलं नाही आणि उजव्यात उरलं आहे त्याला ऐकणं म्हणता येणार नाही. पोलिसांनी कागदावर लिहिलं की वरातीतला उरलेला बॉम्ब, उनाड पोरांचा खोडसाळपणा. फाइल बंद झाली.

धाकटी बहीण अक्षदा देवासच्या कोर्टात वकिली करायची. तिने तो पोलिसांचा कागद नीरजाच्या पलंगावर ठेवला तेव्हा नीरजाने तो दोनदा वाचला.

"खोडी काढणारं पोर तोफेची वाट बघत बसत नाही," ती म्हणाली. आपला आवाज किती मोठा निघतोय ते तिला कळत नव्हतं. शेजारच्या पलंगावरच्या बाईने वळून पाहिलं. "कुणीतरी माझ्या मागे अंधारात बसला होता, अक्षू. तोफेच्या आवाजाखाली बॉम्बचा आवाज लपावा म्हणून थांबला होता. मला तो माणूस पाहिजे."

अक्षदाने फोनवर लिहिलं : मिळाला तर?

"त्याचे कान घेईन," नीरजा म्हणाली.

ती चेष्टा करत नव्हती, हे अक्षदाला तिच्या डोळ्यांत दिसलं.

२

खराडे बहिणींचे वडील सांगलीहून देवासच्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. नीरजाही त्याच औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत नोकरी करायची. पण तिचा जीव घराच्या मागच्या खोलीत होता. तिथे एक जुना सिंथेसायझर होता, पुण्याहून सेकंडहँड घेतलेला. त्याच्यातून ती वारा काढायची.

वारा काढायचा म्हणजे आधी नुसता खरखराट घ्यायचा, रेडिओचं स्टेशन सुटलं की येतो तसा. त्याला ध्वनीवाले पांढरा आवाज म्हणतात. मग फिल्टरचा नॉब हळूहळू फिरवायचा. बंद करत गेलं की खरखर खाली बसते आणि दूरच्या माळावरून वारा आल्यासारखा होतो. उघडत गेलं की तो अंगावर येतो. दुसरा नॉब थोडा चढवला की त्यात शीळ शिरते, जणू दाराच्या फटीतून घुसतोय. हे नॉब मशिनीवर सोपवताही येतात. ती आपोआप वरखाली करत राहते. नीरजाला ते मान्य नव्हतं. "मशिनीचा वारा पाळण्यासारखा हलतो," ती म्हणायची. "नटाने श्वास घेतला की वाऱ्याने दबायला पाहिजे. हाताने वाजवा." म्हणून प्रयोगात सिंथेसायझरवर एक माणूस बसवला होता. त्याचं नाव विहंग.

विहंग देवासमध्येच साउंड भाड्याने द्यायचा. तिशीतला, हुशार, हात हलका. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका स्टुडिओने त्याला बोलावलं होतं. त्याने पाठवलेल्या नमुन्यातला वारा नीरजाचा निघाला. तो कानावर पडताच तिने ओळखला, स्टुडिओला फोन करून तसं कळवलं आणि विहंगला परत यावं लागलं. आल्यावर त्याने तिच्या पायाला हात लावून माफी मागितली होती. तिने त्याला पुन्हा मंडळात घेतलं. विषय संपला होता.

आता तो दर दोन दिवसांनी फळं घेऊन यायचा. अक्षदाने बहिणीच्या फोनवर एक अ‍ॅप घातलं होतं. समोरचा बोलला की अक्षरं उमटायची. ते अ‍ॅप पुण्यामुंबईच्या बोलण्यावर शिकलेलं. देवासचं अर्धं मराठी, अर्धं हिंदी त्याच्या डोक्यावरून जायचं.

"ताई, मैं तो पीछे बूथमध्ये होतो ना," विहंग म्हणाला. "वारा सोडून उठताच येत नव्हतं. नाहीतर मी धावलो असतो. कसम से." फोनवर उमटलं : वारस सोडून उठताच येत नव्हतं. नीरजाला हसू आलं आणि लगेच रडू आलं. विहंगने तिच्या हातावर हात ठेवला. त्याचे डोळे भरले होते.

तो गेल्यावर अक्षदाने टेबलावर बोट टेकवलं. "कोण कोण होतं मागे?"

नीरजाने सांगितलं. बाकीचे नट धूर सुटला की समोरच्या पायऱ्यांवरून प्रेक्षकांत उतरायचे, त्यांना सगळ्या सभागृहाने पाहिलं होतं. नजरेआड मंडळातले तिघंच उरायचे. उजव्या विंगेत राजवर्धन पवार, नाटकाचे लेखक आणि दिग्दर्शक. धुराची मशीन त्यांच्याकडे आणि थाप मारली की तोफेचा आवाज सोडणारं पॅडही. मेकअपच्या खोलीत शिवांगी, किल्लेदारीण, कपडे बदलायला आलेली. आणि सभागृहाच्या मागच्या बूथमध्ये विहंग. बूथपासून बाहेरच्या व्हरांड्याने थेट डाव्या विंगेच्या दाराशी येता येत होतं.

"अगरबत्ती लावून ठेवली असेल, जळत जळत वातीपर्यंत पोचेल अशी," अक्षदा म्हणाली. "तसं असेल तर जिल्ह्यातला कुणीही असू शकतो."

"नाही. धूर भरला की राजवर्धन तोफ देतात. धूर कधी लवकर भरतो, कधी उशिरा. अगरबत्तीला ते कसं कळणार? तोफ ऐकूनच कुणीतरी छाटून आखूड केलेली वात पेटवली."

"आणि विहंगचा वारा तर चालूच होता. सगळ्या हॉलने ऐकला."

"हो," नीरजा म्हणाली. "म्हणजे उरले दोघं. त्यातल्या एकाने बॉम्ब विकत घेतले होते."

३

राजवर्धन पवार टोंकखुर्दजवळच्या शेतावर भेटले. गहू निघून गेला होता. खळ्यावर भुसा उडत होता. जुन्या सरदार घराण्यातला माणूस. दरबार गेला तरी बोलणं तसंच राहिलेलं.

"या, नीरजाताई. आपण इथवर आलात, आम्हांस बोलावणं धाडायचं," ते म्हणाले. त्यांचं शुद्ध मराठी अ‍ॅपने एकही चूक न करता उतरवलं.

नीरजाने आडपडदा ठेवला नाही. "बॉम्ब तुम्ही आणले होते."

"आणले होते. खऱ्या स्फोटाची तोफ करावी असा आमचा हट्ट होता, हे आपणही जाणता. आपण सर्वांदेखत सांगितलंत की नटांच्या कानांशी खेळणाऱ्या माणसाने नाटक करू नये. आम्हांला ते लागलं. फार लागलं. पण आपलं म्हणणं रास्त होतं, म्हणून बॉम्ब बाजूला पडले. नाटकाच्या सामानाच्या ट्रंकेत होते. ट्रंकेला कुलूप नव्हतं."

"म्हणजे कुणीही काढू शकत होतं. तुम्हीही."

पवारांचा चेहरा लाल झाला. ते उठून उभे राहिले. अक्षदाला वाटलं, आता हाकलून देतात. त्यांनी खुंटीवरची गाडीची किल्ली काढली, बाहेर गेले आणि परत येऊन नीरजाच्या हातात एक पेनड्राइव्ह ठेवला.

"धारच्या हॉलचा मिक्सर नवा आहे. प्रत्येक माइक, प्रत्येक वाद्य वेगवेगळं टिपून ठेवतो. तिथल्या ऑपरेटरने हे आम्हांला दिलं होतं. आम्ही काय ऐकणार त्यातलं? आणि आपल्याला द्यायचा धीर झाला नाही." ते पुन्हा खाली बसले. "आपल्याला ऐकू येत असतं तर केव्हाच दिलं असतं."

तिला लागावं म्हणून ते बोलले नव्हते, तरी नीरजाला लागलंच. परतीच्या वाटेवर ती पेनड्राइव्ह मुठीत घट्ट धरून बसली. त्यात तो क्षण होता. तिच्या मागे कोण होतं ते त्यात होतं. जगातली एक वस्तू तिच्यासाठी बोलत होती आणि तिला ती ऐकू येणार नव्हती.

"मी ऐकीन ना, ताई," अक्षदा म्हणाली.

"ऐक. पण आधी मनावर गावी जाऊ, शिवांगीकडे."

४

शिवांगी मनावर गावातल्या बँकेत नोकरीला होती. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली, गाडीच्या मागच्या सीटवर बसली आणि काही विचारायच्या आतच रडायला लागली.

"मला माहितेय तुम्ही का आलात. मी बोलले होते ना तसं, सबके सामने."

बोलली होती. नीरजाने तालमीत तिचं गाणं कापलं होतं, तिचा आवाज वाऱ्यात टिकत नाही म्हणून. शिवांगी तावातावाने म्हणाली होती, "ताई, एक दिन पता चलेगा के आपके ही कान खराब हैं." सगळे हसले होते. त्या वाक्यानंतर दहाच दिवसांनी प्रयोग होता.

"तू तेव्हा कुठे होतीस?"

"मेकअप रूममध्ये. दागिने काढत होते. एकटी. कोण साक्ष देणार?" तिने नाक पुसलं आणि रडता रडताच तिला राग आला. "और सुनो ताई, गुस्सा तो मुझे विहंगभियावर होता त्या दिवशी. बाहेर येऊन भांडणारच होते, मग ते सगळं झालं आणि राहूनच गेलं."

"विहंगवर का?"

"माझी लाइन खाल्ली त्याने! 'गड माझा आहे' म्हणायच्या आधी मी थांबते ना, तेव्हा तो वारा खाली आणतो. प्रत्येक तालमीत आणायचा. त्या दिवशी माझा गळा दाटून आला, मी जास्त थांबले. तर वारा मध्येच खाली गेला, मी बोलायच्या आधीच, आणि मी तोंड उघडलं तर सगळा माझ्या अंगावर. जैसे मैं हूं ही नहीं."

अक्षदा फोनवरची अक्षरं नीरजाला दाखवत होती. नीरजाने ती एकदा वाचली. मग फोन तिच्या हातातून काढून घेतला आणि पुन्हा वाचली.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "वारा तुझ्यासाठी थांबला नाही?"

"थांबला, पण चुकीच्या वेळी. म्हणजे तालमीत मी जेव्हा थांबायचे, तेव्हा."

विहंगचा हात असा चुकत नसे. त्याच्यात बाकी कितीही दोष असले तरी हा नव्हता.

५

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी सकाळीच दोघी मागच्या खोलीत बसल्या. अक्षदाने हेडफोन घातले. नीरजाने संगणकाच्या पडद्यावर प्रयोगाचे सगळे पट्टे, एकेका माइकचा आणि वाद्याचा एकेक, एकाखाली एक मांडले. आवाज म्हणजे आता तिच्यासाठी चढउतारांच्या रेषा.

"आधी तोफ," ती म्हणाली. पॅडचा पट्टा एका जागी उसळला होता. बुरजापाशी टांगलेल्या माइकचा पट्टा तिथेच उसळला आणि जरा पुढे पुन्हा एकदा, कितीतरी उंच. तो बॉम्ब. "आधी तोफ, मग बॉम्ब. तोफ दिली तेव्हा राजवर्धन पॅडपाशी होते. त्यांना उजवीकडून डावीकडे यायचं तर प्रेक्षकांसमोरून यावं लागलं असतं. सुटले."

अक्षदाने मान हलवली. तिलाही बरं वाटलं.

"आता शिवांगी. तिच्या कॉलरचा माइक कुणी बंद केला नव्हता. तोफेच्या वेळी काय ऐकू येतं?"

अक्षदाने डोळे मिटले. "पंखा. बांगड्या उतरवतेय, एकेक बशीत टाकतेय. तोफ. लांबून धडाम. बांगड्या थांबल्या. 'क्या हुआ?' म्हणते." तिने डोळे उघडले. "ती खोलीतच होती, ताई."

"सुटली. आता वारा."

अक्षदा बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने हेडफोन काढून गळ्यात घातले. "कुठेही तुटत नाही. तोफेच्या आधी, नंतर, सलग चालू आहे. कुणीतरी वाजवतंय हे मलाही कळतं. विहंगही सुटला. मग कोण?"

"थांब," नीरजा म्हणाली.

तिने आपल्या संगणकातून जुन्या तालमी काढल्या. देवासच्या सगळ्या तालमी तिने रेकॉर्ड केलेल्या होत्या. विहंगचा एकेका दिवसाचा वारा वेगळा.

"हे बघ. हा सोमवारचा वारा, हा मंगळवारचा. दोन्ही विहंगच्या हातचे. मी मंगळवारचा उलटा करते. म्हणजे रेष जिथे वर जात होती तिथे खाली जाईल, खाली होती तिथे वर. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, वारा तसाच लागतो. आता दोघांची बेरीज करते."

बेरीज झाली. पट्टा होता त्याहून जाड झाला.

"पांढरा आवाज दोनदा सारखा येत नाही, अक्षू. हाताने वाजवणारा तोच असो, नॉब तेवढाच फिरवो. त्या खरखरीत लाखो कण असतात आणि प्रत्येक वेळी ते नव्याने पडतात. वेगळे वारे उलटे करून मिळवले तरी वाराच राहतो. पण एकच वारा असेल, आणि त्यातच त्याला उलटा करून मिळवला, तर?"

"वजा होईल," अक्षदा हळूच म्हणाली. अ‍ॅपने ते अचूक उतरवलं.

नीरजाने धारच्या प्रयोगातला वारा घेतला. खाली देवासची शेवटची तालीम ठेवली, प्रयोगाच्या आदल्या दिवशीची. तालमीचा वारा उलटा केला आणि सरकवत सरकवत त्याची सुरुवात जुळवली. दोन मशिनींची घड्याळं केसभर पुढेमागे चालतात, म्हणून मध्ये मध्ये तुकडे करून तिला ते पुन्हा जुळवावे लागले. शेवटचा तुकडा बसला, तिने बेरजेची कळ दाबली.

पट्टा कोसळला. जिथे वारा होता तिथे सपाट रेष उरली. इकडेतिकडे किंचित थरथर, बस.

अक्षदाने हेडफोन कानांवर दाबले. तिने नकारार्थी मान हलवली. काही नाही. काहीच ऐकू येत नाही.

"बूथमध्ये कुणी वाजवत नव्हतं," नीरजा म्हणाली. "आदल्या दिवशीचा वारा लावून दिला आणि तो उठून गेला."

अक्षदा फोन उचलायला लागली. पोलिसांना.

नीरजाने तिचं मनगट धरलं. "उद्या. आज त्याला इथे बोलाव. सांग, ताईला आपला वारा तपासून हवाय, तिला आता ऐकू येत नाही ना."

६

विहंग दुपारी आला. हातात संत्र्यांची पिशवी होती. त्याने ती अक्षदाला दिली, नीरजाला नमस्कार केला आणि नेहमीच्या खुर्चीवर बसला. नीरजाने त्याच्या कानांवर स्वतःच्या हाताने हेडफोन चढवले. तिचे चांगले, बंद कपांचे.

"देवासच्या प्रयोगासाठी दोन वारे काढलेत," ती म्हणाली. "वरचा ऐक. बरा आहे?"

विहंगने अंगठा वर केला.

"खालचा?"

पुन्हा अंगठा.

"आता दोन्ही मिळून."

विहंगच्या भुवया वर गेल्या. त्याने कपांवर हात ठेवला, पडद्याकडे पाहिलं. ओठ हलले. फोनवर अक्षरं आली : ताई, कुछ नहीं आ रहा.

"मलाही येत नाही," नीरजा म्हणाली. "फेब्रुवारीपासून."

ती बोलत असताना तिचा डावा हात हेडफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरवर गेला आणि तिने आवाजाचा नॉब शेवटापर्यंत फिरवला. पडद्यावर दोन्ही पट्टे धावत होते. कानात शांतताच होती.

"वरचा धारचा वारा आहे. खालचा आदल्या दिवशीचा, उलटा केलेला. दोघं एकमेकांना खाऊन टाकतायत. दोन्ही एकच आहेत म्हणून. तू ध्वनीतला माणूस, तुला पुढचं सांगायला नको. आवाज पूर्ण वर आहे. यातला एक पट्टा मी बंद केला की दुसरा सुटेल. हात खाली ठेव. तुझ्या हातापेक्षा माझं बोट जवळ आहे."

विहंगला समजलं. त्याने पट्टे पाहिले, नॉब पाहिला, कळीवर टेकलेलं तिचं बोट पाहिलं. त्याचे हात मांडीवर तसेच राहिले.

"का?" नीरजाने विचारलं. त्याला ऐकू येत होतं. कपांच्या आतून, दबलेलं, पण येत होतं.

तो बोलू लागला तेव्हा अ‍ॅपला त्याचा वेग झेपेना. अक्षरं तुटक येत राहिली. एक फोन केलात तुम्ही. एक. माझी खोली घेतली होती अंधेरीत. सगळ्या देवासने मला स्टेशनवर सोडलं होतं, हार घालून. परत आलो तर रस्त्यात लोक विचारायचे, क्या भिया, हवा निकल गई? रोज. अजूनही. आणि तुम्ही मला माफ केलंत! सगळ्यांना सांगितलंत, मी माफ केलं. वो माफी मेरे को रोज चुभती थी. सगळं त्या कानांमुळे. कुणाला कळलं नव्हतं, तुमच्या कानांना कळलं. म्हटलं, हे कान नसले की ऐकणारं कोण आहे इथे?

"ऐकलं नाही," नीरजा म्हणाली. "पाहिलं."

तिचं बोट कळीवर होतं. तिला दवाखान्यातली पहिली सकाळ आठवली. खिडकीत कबुतर होतं, गळा फुगवत होतं आणि गप्प होतं. आईचे ओठ हलत होते आणि आई गप्प होती. फक्त बोट दाबायचं. लोक म्हणाले असते, मशीन बिघडली. अक्षदाने कुणाला सांगितलं नसतं. या माणसानेही हेच केलं होतं, याच्या बोटाने विचार केला नव्हता. तिच्या मनगटापासून खांद्यापर्यंत सगळं त्या कळीसाठी आसुसलं होतं.

अक्षदा दाराशी उभी होती. ती रडत होती.

नीरजाने नॉब मागे फिरवला. पूर्ण मागे, अगदी हळू, त्याला तो दिसेल असा.

"दया आली असं समजू नकोस," ती म्हणाली. "तुझे कान मला शाबूत हवेत. आता जो तो तुझ्याबद्दल बोलेल. राजवर्धन बोलतील, शिवांगी बोलेल, वकील बोलतील, देवास बोलेल. त्यातलं एक अक्षरसुद्धा चुकलेलं मला चालणार नाही. सगळं तुला ऐकू यायला हवं."

विहंगने हेडफोन ओढून काढले आणि तो खुर्चीतच वाकून ओकला.

७

खुर्चीत बसून त्याने जे सांगितलं ते कोर्टात टिकणारं नव्हतं, हे अक्षदाला पक्कं ठाऊक होतं. तिने त्यावर वेळ घालवला नाही. दोन्ही वारे आणि त्यांची वजाबाकी तिने इंदूरच्या तज्ज्ञाकडून तपासून घेतली आणि पोलिसांसमोर ठेवली. फाइल पुन्हा उघडली. विहंगच्या लॅपटॉपमध्ये तालमीचा तोच वारा मिळाला, प्रयोगाच्या संध्याकाळी चालवलेला. मग धारच्या हॉलचा ऑपरेटरही बोलला. वारा चालू असताना विहंग व्हरांड्यातून जाताना त्याला दिसला होता. पाणी प्यायला चालला असेल असं वाटून तो गप्प राहिला होता.

जामिनाची सुनावणी धारच्या कोर्टात होती. देवासहून सगळं नाटक मंडळ आलं होतं. विहंगची आईही आली होती. तिने बाहेर नीरजाचे हात धरले आणि बराच वेळ काही बोलली. नीरजाने तिला बोलू दिलं. मग तिने आपले हात सोडवून घेतले आणि आत गेली.

विहंगचा वकील उभा राहिला. उमदा कलाकार, पहिलाच गुन्हा, पश्चात्ताप. मग अक्षदा उठली. तिच्यामागून राजवर्धन पवारांचं निवेदन वाचलं गेलं, शिवांगीचं वाचलं गेलं. ज्या माणसांसोबत तो दोन वर्षं हसत चहा प्यायला होता, ती त्याला काय म्हणत होती ते मोठ्याने, सर्वांसमोर वाचलं जात होतं. मधेच त्याने कानांवर हात नेले. बाजूच्या शिपायाने ते खाली केले.

अक्षदाने नीरजापुढे फोन धरला. अक्षरं पळत होती. नीरजाने तो हलकेच बाजूला सारला. तिला अक्षरं नको होती.

न्यायाधीशांनी मान वर केली आणि ते बोलू लागले. नीरजाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती विहंगच्या चेहऱ्याकडे बघत होती. आधी तो आशेने पुढे झुकला. मग त्याचा गळा हलला. मग ओठ सुटले, खांदे उतरले, आणि डोळे नीरजाकडे वळले.

तिने नजर काढली नाही. जामीन मिळाला की नाही हे तिने तिथेच, त्या चेहऱ्यावर, शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं.